जनुकं तीच, मग मोजता काय?

‘तुम्ही टी पेशींची जनुकं मोजता म्हणे. पण जनुकं तर शरीरातल्या सगळ्या पेशींत तीच असतात ना? मग मोजता काय?’ माझं काम कळलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

‘सगळ्या पेशींत तीच’ या नियमाला टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, थोडा अपवाद आहेत, हे आधी सांगून टाकते. छातीतल्या थायमस ग्रंथीत घडताना टी पेशी आपल्या रिसेप्टरच्या, म्हणजे शत्रू ओळखणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकाचे तुकडे कापून नव्याने जोडते. तेवढ्या जागी तिचा डीएनए इतर पेशींहून वेगळा होतो आणि ती कुठला विषाणू ओळखणार, हे तिथेच ठरतं. बाकीचा डीएनए यकृताच्या पेशीत असतो तोच. प्रथिनं बनवणारी सुमारे 20,000 जनुकं, जशीच्या तशी.

तेव्हा मी मोजते ती जनुकं नव्हेत, त्यांच्यावरून त्या घडीला निघालेल्या आरएनएच्या प्रती. पेशी काय करते आहे ते त्यातून कळतं. विषाणू कधी न पाहिलेली सीडी8 टी पेशी (बाधित पेशींना मारणारा टी पेशींचा प्रकार) जवळजवळ निवांत असते. जनुकं चालू-बंद करणारं टीसीएफ-1 हे नियंत्रक प्रथिन तिला तसं राखतं, पेशीच्या पृष्ठभागावरचं सीसीआर7 तिला लसिका ग्रंथींकडे फिरवत ठेवतं. तिच्या ओळखीचा विषाणू सापडला, की चित्रच पालटतं. टी-बेट आणि ब्लिम्प-1 ही नियंत्रक प्रथिनं वाढतात, विभाजनाची जनुकं धडाधड सुरू होतात, सीसीआर7 उतरतं आणि पेशी संसर्गाच्या जागी जायला मोकळी होते. परफोरिन आणि ग्रॅन्झाइम-बी यांच्या आरएनएचा तर पूर येतो. परफोरिन बाधित पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम आत शिरून तिला स्वतःचाच अंत करायला लावतं.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात मिळते. मला खरा रस आहे तो लढाई संपल्यानंतरच्या काळात. बहुतेक लढाऊ पेशी मरतात, थोड्या उरतात. त्या उरलेल्यांचा आरएनए पाहिला तर मारक जनुकं बरीचशी शांत झालेली. मग पुढच्या वेळी त्या इतक्या चपळाईने उठतात कशा?

याचं उत्तर पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीने दिलं. मॅक्स थायलर यांची ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस 1937 सालची. ती टोचली की माणसात खराखुरा, पण सहसा निरुपद्रवी संसर्ग होतो. मानवी टी पेशी अभ्यासायला याहून चांगली सोय नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेणाऱ्यांना जड हायड्रोजन असलेलं पाणी पाजलं होतं. विभाजन होताना ते नव्या डीएनएत मुरतं, म्हणून कोण कधी जन्मलं याचा माग लागतो. दिसलं असं, की टिकून राहिलेल्या स्मृतिपेशी पहिल्या दोन आठवड्यांत जोरात विभागलेल्या पेशींपासूनच आल्या होत्या, आणि नंतर त्या वर्षातून एकदाही विभागत नव्हत्या. त्यांच्यात मारक जनुकं बंद होती, पण त्या जागचं क्रोमॅटिन (डीएनए आणि तो ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) लढाऊ पेशींसारखंच सैल, उघडं होतं, म्हणजे ती जनुकं चटकन सुरू होऊ शकत होती. पुस्तक मिटलेलं, पण हव्या त्या पानांत खुणा घातलेल्या.

म्हणून कुठल्या जनुकाचा आरएनए किती ते रंगांनी सांगणारे नुसते लाल-निळे तक्ते दाखवून कुणी ‘ही पेशी अशी आहे’ म्हणालं, की मी जरा सावध होते. ती आत्ता काय करते आहे एवढंच ते तक्ते सांगतात. ती काय करू शकेल, ते क्रोमॅटिनमध्ये असतं.

याची दुसरी बाजू तितकीशी सुखद नाही. एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस-सी सारखा विषाणू शरीरात ठाण मांडून बसला, तर टी पेशींमध्ये टॉक्स नावाचं प्रथिन वाढतं, पीडी-1 सारखे ब्रेक कायमचे लागतात आणि पेशी थकतात. खुणा इथेही उरतात, फक्त थकव्याच्या. हेपॅटायटिस-सी आता बहुतेकांत काही आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. पण बऱ्या झालेल्यांच्या टी पेशी तपासल्या, तेव्हा आरएनए काहीसा सुधारलेला दिसला तरी क्रोमॅटिनवरचे थकव्याचे व्रण बऱ्याच अंशी तसेच होते. पीडी-1 अडवणारी औषधं अशा पेशींना चेतवतात, पण हे व्रण पुसत नाहीत. मला विचाराल तर आणखी एक ब्रेक सोडवणारं औषध शोधण्यापेक्षा हे व्रण मुळात पडू न देण्यावर जास्त मेहनत घ्यायला हवी.