तुम्ही विचारलंत म्हणून: गिनीपिग चावतो, काय करू?

हा प्रश्न येतो तेव्हा सोबत अंगठ्याचा फोटो असतो, जनावराचा नसतो. मी उलट विचारते: वजन किती, वय किती, नर की मादी, एकटा आहे की जोडीला कोणी, हात नेमका कुठे लागला तेव्हा चावला, आणि पहिल्यापासून चावतो की अलीकडेच सुरू झालं? त्यावर उत्तर येतं, "ते सगळं असू दे हो, पण थांबवायचं कसं?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मुळात गिनीपिग हा चावरा प्राणी नाही. चावरा म्हणजे काय ते हॅमस्टर पाळलेल्या कुणालाही विचारा. जीव वाचवायची गिनीपिगची पहिली तऱ्हा पळून लपायची, दुसरी जागच्या जागी थिजून जायची. दातांची पाळी फार उशिरा येते. तरी ती आली असेल तर आधीचं काहीतरी तुमच्या नजरेतून सुटलेलं असतं. हे ऐकायला आवडत नाही, ठाऊक आहे.

तोंड लावणं आणि चावणं यांत आधी फरक करा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. मागून येणारी सावली त्याला दिसते, पण अगदी नाकासमोरचं बोट दिसत नाही. तिथलं काम वास, मिशा आणि ओठ करतात. तुम्ही कोथिंबीर निवडून उठलात आणि तसाच हात आत घातलात, तर त्याच्या लेखी ते बोट म्हणजे जाड देठाची कोथिंबीर. दात लावून पाहतो, चव जमत नाही, सोडून देतो. यावर उपाय साबण. आणि जाळीतून गाजर-काकडी भरवणं बंद करा. जाळीतून आत येतं ते खायचं, हे तुम्हीच शिकवता आणि मग पाहुण्यांच्या पोराचं बोट आत जातं.

मांडीवरचा चिमटा वेगळा. दहा-पंधरा मिनिटं झाली की बहुतेकांना लघवी लागते. मग चुळबुळ, मग शर्ट ओढणं, मग बारीक चिमटा. खाली ठेवा, संपलं.

रक्त काढणारा खरा चावा या दोन्हींहून निराळा, आणि त्याआधी ठरलेल्या खुणा असतात. अंग ताठ होतं. हनुवटी वर करून तो तुमचा हात नाकाने झटकून टाकतो. लोकांना ते लाड वाटतात. खालच्या पट्टीतल्या संथ गुरगुरीची जागा तुटक, चढ्या आवाजाची गुरगुर घेते. शेवटी दातांची कटकट. एवढं सगळं होऊनही हात तिथेच राहिला की चावा.

आता टपलीबद्दल. नाकावर टिचकी मारा, तोंडावर फुंकर घाला, पाणी शिंपडा, हे सल्ले कुठून निघतात देव जाणे, पण पोचतात सगळ्यांकडे. त्यांचं काय होतं हे एका मादीच्या उदाहरणावरूनच सांगावं लागेल, कारण नुसतं 'मारू नका' म्हटलं की कुणी ऐकत नाही.

अडीच वर्षांची मादी, घरात दोघी. आधी शांत. मग पिंजरा साफ करणाऱ्या वडिलांचा हात पाठीवरून फिरला की वळून चावायला लागली. कुणीतरी टिचकीचा सल्ला दिला. वडिलांनी तो इमानेइतबारे पाळला, दोन बोटांनी, हलक्या हाताने. काही दिवसांत दातांची कटकट बंद झाली. घरच्यांना वाटलं, सुधारली. सुट्टी लागल्यावर मुलीने तिला उचललं, एक हात पोटाखाली, दुसरा पाठीच्या मागच्या भागावर. कसलाही आवाज न करता तिने मुलीच्या अंगठ्याच्या गादीत दात रुतवले. मुलीने हात झटकला, ती क्षणभर लोंबकळली आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडली. खालचा एक पुढचा दात तुटला. दवाखान्यात नेली ती 'स्वभाव बिघडला' म्हणून.

डॉक्टरांनी खांद्यांपासून खाली केस बाजूला केले. खाली पिवळट कोंडा, विरळ झालेले केस, नखांचे ओरखडे. त्याच जागी बोट टेकवलं तसं तिचं अंग वळलं, मागचा पाय हवेत आपटायला लागला. फिटच आली असं वाटावं. ही खरूज. ट्रिक्साकॅरस केव्हिए नावाचा डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बिळं करून राहतो आणि खाज इतकी भयंकर असते की जनावराला झटके येतात. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण किडा दरवेळी सापडतोच असं नाही; लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर तरीही उपचार करतात. औषध आयव्हरमेक्टिन. त्याने अंडी मरत नाहीत, म्हणून दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने पुन्हा द्यावं लागतं. पिंजऱ्यातल्या सगळ्यांना द्यायचं, न खाजवणाऱ्या दुसरीलासुद्धा. अंथरूण फेकायचं, कापड गरम पाण्यात धुवायचं, लाकडी घर टाकून द्यायचं. गुरांसाठीची एक टक्क्याची बाटली औषधांच्या दुकानात मिळते म्हणून घरी प्रयोग करू नका. किलोभराच्या जनावराला त्यातला एखादा थेंब इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो. वजन ग्रॅममध्ये घेऊन मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

दात काही आठवड्यांत वाढून आला, ते दात जन्मभर वाढतच असतात. खाज गेली, केस भरले, मुलीच्या मांडीवर ती पुन्हा निवांत बसते. वडिलांचा हात आत आला की मात्र अजून कटकट करते. का? टिचकीमुळे, असं मी ठासून सांगत असे. आता तितकं ठासून सांगवत नाही. पिंजरा साफ करणारा हात घर उलटंपालटं करतो, वरून येतो, मागच्या बाजूने धरतो. टिचकी नसतीही तरी तिने त्याच हाताचा राग धरला असता कदाचित. एवढं मात्र खरं की मुलीच्या अंगठ्याआधी जी कटकट व्हायला हवी होती ती टिचकीने घालवली होती. दुखणं तसंच राहिलं.

म्हणून पूर्वी न चावणारा आता चावत असेल, तर आधी दुखणं शोधा. खरूज हे त्यातलं एक. आपल्या शरीरासारखंच त्याचं शरीरही क जीवनसत्त्व बनवत नाही. कमी पडलं की सांधे दुखतात, हिरड्या नाजूक होतात, उचललं की किंचाळतो. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा आणि थोडी कोथिंबीर घाला, अधूनमधून पेरूची फोड. पाण्यात थेंब टाकू नका, ते टिकत नाहीत. मोठ्या गिनीपिगला रोज लसूणघास घालणाऱ्यांनी मुतखड्याची शंका आधी घ्यावी, त्यात कॅल्शियम फार. पोटाखाली हात घातला की चावतो तो बरेचदा यामुळे. जाळीच्या तळाचा पिंजरा असेल तर तळपाय उलटून पाहा, लाल आणि सुजलेले असतील. दोन-तीन वर्षांपुढची मादी अचानक भांडखोर झाली आणि दोन्ही कुशींवरचे केस सारख्या प्रमाणात गेले, तर अंडाशयातल्या गाठी तपासायला सांगा. आणि दुकानदाराने 'दोन्ही माद्याच आहेत' म्हटलं असेल तर गाभण आहे का तेही बघा.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. दहावा हिस्सा घटला तर त्याच दिवशी दवाखाना. घरात उरलेली अँटिबायोटिक पाजू नका. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जनावरही मरू शकतं. हे सगळ्या डॉक्टरांच्या डोक्यात असतंच असं नाही, म्हणून तुम्हीच विचारा.

दुखणं नाही अशी खात्री झाली तरच हाताची ओळख. आधी काही दिवस पिंजऱ्याशेजारी नुसतं बसा, बोला. मग लांब काहीतरी भरवा, गव्हांकुराची काडी किंवा कोथिंबिरीचा अख्खा देठ, म्हणजे बोट आणि तोंड यांत अंतर राहतं. तो पळून न जाता खायला लागला की तळहात पालथा करून तळावर ठेवा आणि हलवू नका. येऊन हुंगू दे, चढू दे. पहिला स्पर्श खांद्याला, हनुवटीखाली. पाठीचा मागचा भाग शेवटी, किंवा कधीच नाही. उचलताना वरून झडप नको, घार तशीच येते. एक हात पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, लगेच छातीशी. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच घ्यायचं.

दोन नर भिडले असतील तर मध्ये हात घालू नका, त्या वेळी ते हात ओळखत नाहीत. केरभरणी किंवा जाड टॉवेल मध्ये सरकवा.

जखम झालीच तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते बघा. सूज, ताप, पू आला तर डॉक्टर. रेबीजबद्दल सगळे घाबरून विचारतात. घरात पाळलेल्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या चाव्याला रेबीजची लस साधारणपणे लागत नाही, देशातल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. तरी निर्णय डॉक्टरांचा.

राहिला तो एक प्रश्न ज्यावर माझं स्वतःशी अजून भांडण चालू आहे. चावला की लगेच खाली ठेवायचं की नाही? ठेवलं तर तो शिकतो, चावलं की सुटका. म्हणून काही क्षण शांत धरा, तो स्थिर झाला की ठेवा, असं मी सांगत आले. पण घाबरलेल्याला धरून ठेवलं तर तो हेही शिकतो की चिमट्याने भागत नाही, पुढच्या वेळी जोरात चावावं लागेल. दोन्ही प्रकारची जनावरं मी पाहिली आहेत आणि कुठलं कुठल्या प्रकारचं निघेल हे आधी सांगता येत नाही. त्याने नाकाने हात झटकला तेव्हाच खाली ठेवलं तर हा प्रश्न येत नाही, पण ती वेळ तुमच्याकडून हुकणार, माझ्याकडूनही हुकते. ती वेळ ओळखता येईतोवर त्याला हाताने उचलूच नका. पुठ्ठ्याचं खोकं पिंजऱ्यात आडवं ठेवा, आत मूठभर गवत टाका, तो शिरला की खोक्याच्या तोंडावर हात धरून खोक्यासकट उचला.