मालदीवला निघताना कागदपत्रांची जुळवाजुळव

मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने समुद्र पाहायला मालदीवला जावे, याचे आमच्या आईला अजूनही नवल वाटते. भारतीयांना तेथे आधी व्हिसा काढावा लागत नाही. मात्र पासपोर्टची किमान एक महिन्याची मुदत शिल्लक असावी लागते आणि परतीचे तिकीट व निवासाचे आरक्षण दाखवावे लागते.

खरा वेळ गेला तो नावांत. आमच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, तिकिटावर ते गाळले गेले होते. म्हणून विमान कंपनीकडून दुरुस्ती करून घेतली.

‘इमुगा’ हा प्रवासी घोषणापत्राचा ऑनलाइन अर्ज विमान सुटण्यापूर्वीच्या ९६ तासांतच भरता येतो आणि परतताना पुन्हा भरावा लागतो. तो विनामूल्य आहे, तरीही शुल्क मागणारी हुबेहूब संकेतस्थळे आढळतात, तेव्हा पत्ता नीट तपासावा. पावसात आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची असल्याने मिळालेल्या क्यूआर कोडची छापील प्रत मी पासपोर्टमध्येच ठेवली.