ऊ म्हणजे डोकं

मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. आमच्या जहाजावर औषधांच्या कपाटाची किल्ली सेकंड मेट या अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे होती. ऑस्ट्रेलियाहून खनिज भरून मकासरच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला चाललो होतो. सकाळी बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, धावत आला. इंजिनरूममधला ऑयलर उलट्या करतोय, त्याला उठवत नाही.

पोरगा कुशीवर पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. फिलिपिन्सचा, एरवी इंग्रजी आणि तिथली टागालोग सफाईने बोलणारा. त्या दिवशी दोन्ही भाषा हरवल्यासारखा नुसता पुटपुटत होता. बोसनही तिथलाच, पण सेबू बेटावरचा. "सर, ही त्याची घरची तौसुग. मला अर्धीमुर्धी कळते," म्हणाला. त्याने पोटावर हात ठेवून विचारलं, इथं दुखतं का? उत्तर आलं, "ऊ." पुन्हा विचारलं, पुन्हा "ऊ." बोसनच्या सेबुआनो भाषेत 'ओओ' म्हणजे हो. मी नोंदवलं: उलट्या, पोटदुखी. रेडिओवरच्या डॉक्टरांनाही तेच कळवलं आणि सलाईन लावलं.

दोन तास गेले. ग्लानी वाढतच होती. शेवटी कॅप्टनच्या परवानगीने सॅटेलाइट फोनवरून सांबोआंगाला त्याच्या थोरल्या बहिणीला गाठलं. फोन त्याच्या तोंडाशी धरला. ती क्षणभर गप्प झाली, मग इंग्रजीत म्हणाली, "सर, पोट नाही. तो 'ऊ कु' म्हणतोय. माझं डोकं."

केसांतून बोटं फिरवली तर कानामागे मोठं टेंगूळ. बॅटरी मारून पाहिलं, दोन्ही बाहुल्या सारख्या नव्हत्या. आदल्या रात्री जिन्यावरून घसरल्याचं त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांचा सल्ला लगेच बदलला. जहाज बालिकपापानकडे वळलं आणि संध्याकाळी त्याला बोटीवर उतरवलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. ते दोन तास मात्र माझ्या मनातून जात नाहीत.

बोसनची चूक म्हणता येणार नाही. तौसुग ही सेबुआनोच्याच बिसाया कुळातली. 'तुबिग' म्हणजे पाणी, हे दोन्हीकडे. पण तौसुगमध्ये दोन स्वरांमधला 'ल' पुष्कळदा गळतो. सेबूचा 'दालान', म्हणजे रस्ता, तिथे 'दान' होतो, आणि 'उलो', म्हणजे डोकं, 'ऊ' होतं. ओळखीच्या भाषेनेच घात केला.

नंतर मी या भाषेच्या मागेच लागलो. दक्षिण फिलिपिन्समधल्या सुलू बेटांवर आणि आसपास दहा लाखांहून अधिक लोक ती बोलतात. मलेशियाच्या साबामध्ये त्यांना सुलुक म्हणतात. 'ताऊ' माणूस, 'सुग' समुद्राचा प्रवाह: प्रवाहाची माणसं. कोकणातल्या मला हे नाव फार जवळचं वाटलं. एसआयएल या संस्थेचा तौसुग-इंग्रजी शब्दकोश आहे, 1975 सालचा. पूर्वी ही भाषा अरबी वळणाच्या जावी लिपीत लिहीत, हेही तेव्हाच कळलं. शब्दकोश चाळताना 'गुरु' भेटला, 'किस्सा' भेटला, आणि 'पुआसा', म्हणजे रोजा. तो आपल्याच 'उपवास'चा वंशज.

तीन महिन्यांनी पोराचा फोन आला. "मागसुकुल, सर," म्हणाला. आभारासाठी हाच शब्द. मी विचारलं, मग तुमच्यात 'हो' कसं म्हणतात?

"हूउन."

औषधांच्या कपाटाच्या दारावर आता लाल शाईत दोन्ही शब्द आहेत, एकाखाली एक.