कुरणातलं गवत कधी कापायचं

२८ सप्टेंबर

गवत फुलोऱ्यात आलंय. ओढ्याकडच्या सखल पट्टीत मारवेल मांडीला लागतंय, वरच्या मुरमाड उतारावर पवन्या आणि कुसळी. सकाळी मामंजींनी एक काडी मोडून दाताखाली चावून बघितली. "हितनं फुडं चव उतरत जाती. कोयता लावाय पायजे." अगदी खरं आहे. फुलोऱ्यातल्या गवतात जो कस असतो तो बी झडल्यावर राहत नाही, नुसती काडी उरते. कुसळीचं तर आणखी वाईट. वेळेत कापली नाही तर तिची कुसळं गुरांच्या ओठांत रुततात, मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत शिरतात. म्हणून उद्यापासून आधी कुसळीचा उतार, मग मारवेल. तेही जमिनीपासून चार बोटं ठेवून. ठोंबात जीव राहिला तर मृगाच्या पावसात तो फुटतो. जमिनीसरसा खरडला तर उघड्या जागेत गाजरगवत घुसतं आणि मग ते काढता काढता वर्षं जातात.

उताराच्या माथ्याची, सगळ्यात वरची पट्टी मात्र तशीच ठेवायची, असं मी म्हटलं. मामंजी गप्प झाले. माणदेशात उभं गवत सोडून द्यायचं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? १९७२ चा दुष्काळ त्यांनी पाहिलाय. २०१२-१३ साली छावणीत खिल्लार गाय दावणीला बांधून शेजारी घोंगडं टाकून ते झोपलेत. वैरणीच्या एकेका पेंढीसाठी माणसं कशी ताटकळायची, ते अजून सांगतात. अशा माणसापुढे पाखरांसाठी गवत राखूया म्हणणं मला सोपं गेलं नाही. पण वरच्या पट्टीत मुख्यतः कुसळीच आहे, ती आता निबर झाली, आणि तिथलं पवन्याचं बी पडलं नाही तर पुढच्या साली तो उतार उघडा पडेल, हे मी बोलले. थोड्या वेळानं म्हणाले, "बी पडू दे मग." पाखरांचा विषय तिथंच राहिला. चालेल.

१९ ऑक्टोबर

भोवत्या आले!

संध्याकाळी गुरं वळवताना पहिला दिसला. राखाडी नर, पंखांची टोकं काळी, गवताच्या शेंड्यांवरून जेमतेम हातभर उंचीनं तरंगत आला, वळला, परत फिरला. कझाकस्तानाकडच्या गवताळ प्रदेशातून हा पक्षी हिवाळ्याला आपल्या माळावर येतो आणि मार्चपर्यंत राहतो. त्याचं मुख्य खाणं टोळ आणि नाकतोडे. आणि मला सर्वांत जपावीशी वाटणारी गोष्ट ही की तो झाडावर झोपत नाही. दिवस मावळला की उभ्या गवतात, जमिनीवरच, अनेक भोवत्या जवळजवळ उतरून रात्र काढतात. दिवाळीच्या आत गावचा सगळा माळ तासून काढला तर त्यांनी उतरायचं कुठं? वरची पट्टी राखली ती ह्यासाठी. बियांचं कारणही खोटं नव्हतं, दोन्ही खरी आहेत.

पण याचा अर्थ गुरं हटवली की माळ सुखी होईल असा कुणी काढू नये. शहरातून येणाऱ्या निसर्गप्रेमी मंडळींकडून मी हे ऐकलंय आणि मला ते पटत नाही. खालच्या कापलेल्या, चरलेल्या पट्टीत आज धाविकांची जोडी होती. तांबूस डोकं, भुवईची पांढरी रेघ, चार पावलं तुरुतुरु पळायचं आणि एकदम ताठ उभं राहायचं. हा पक्षी उंच गवतात राहतच नाही, त्याला आखूड, मोकळी जमीन लागते. ती त्याला गुरांच्या तोंडामुळं मिळते. गाय सगळीकडे सारखं चरत नाही. इथं मारवेल बुडापर्यंत खाल्लेलं, तिथं एक ठोंब हुंगून सोडलेला, बोरीच्या जाळीभोवती तोंडच घातलेलं नाही. हा उंचसखलपणाच माळाचं खरं वैभव आहे. म्हणून आम्ही कुरणाचे तुकडे पाडलेत आणि गुरं एकातून दुसऱ्यात फिरवतो. पावसाळ्यातले पहिले दोन महिने वरच्या तुकड्यात एकही खूर पडू देत नाही. गवताला मुळं धरायची असतात, आणि त्याच दिवसांत गवतात लाव्यांची अंडी असतात.

गुरांमागं गायबगळे, पाठीवर कोतवाल, हे तर सगळ्यांना दिसतं. पण शेण उलथून बघा. ताज्या पोहाखाली शेणकिड्यांनी बिळं पाडलेली असतात, शेण ते खाली नेऊन पुरतात, माती भुसभुशीत होते, पाऊस मुरतो. चंडोल त्याच पोहांभोवती टिपत असतो. जंतासाठी आयव्हरमेक्टिन टोचलं की त्याचा अंश शेणातून पडत राहतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. हे कळल्यापासून औषध दिलेली गाय आम्ही काही दिवस गोठ्यातच ठेवतो, तिचं शेण उकिरड्यात जातं. गोठ्यात वैरण टाकण्याचं काम वाढतं, वाढू दे.

११ डिसेंबर

आज लांडगा दिसला.

ऊन नुकतं वर आलं होतं. गाई एकाएकी चरायच्या थांबल्या. खिल्लार गाय घाबरली की पळत नाही, आधी वळून बघते. चौघी-पाचजणींनी तोंडं एका बाजूला केली, शिंगं पुढं, वासरं आपोआप मागं गेली. मी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं तर राखलेल्या पट्टीच्या कडेला तो उभा. वाळल्या गवताच्याच रंगाचा, लांब पायांचा. त्यानं आम्हा सगळ्यांना नीट पाहून घेतलं आणि दुडक्या चालीनं ओढ्याकडं निघून गेला. माझी छाती धडधडत होती, पण ती भीती नव्हती. एवढ्याशा माळावर हा प्राणी अजून जगतोय, याचा आनंद होता तो.

वाड्यावरच्या आबांना सांगितलं. फलटणकडचे धनगर, त्यांच्या मेंढ्या आमच्या रानात दोन रात्री बसल्या होत्या. ते म्हणाले, "हाय त्यो. आमची दोन कोकरं घिऊन गेला. त्याचं बी पोट हाय." नुकसान सोसणाऱ्याच्या तोंडचं हे वाक्य आहे. जनावर मारलं गेलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी वेळेत कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत ते जागचं हलवायचं नाही. रोज मुक्काम हलवणाऱ्या मेंढपाळाला हे कसं जमावं? लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं. त्याचं रक्षण करायचं तर त्याला पोसणाऱ्या या माणसांच्या पायांच्या गतीनं कागद हलले पाहिजेत.

आमच्यापुरती काळजी साधी आहे. व्यायला आलेली गाय आडोसा शोधत उंच गवतात जाते, म्हणून शेवटचे दिवस ती दावणीलाच. आणि कुत्र्यांना लस. लांडग्याला खरा धोका मोकाट कुत्र्यांचा आहे. त्यांचे रोग त्याला होतात, आणि पुणे जिल्ह्यात तर लांडगा-कुत्र्याचा संकर झालेली जनावरं जनुकीय तपासणीत सिद्ध झालीत. थंडी हेच लांडगीचे विण्याचे दिवस, त्यामुळं ओढ्याच्या दरडीकडं आता महिना-दोन महिने गुरं न्यायची नाहीत असं घरात ठरवलंय. मामंजींनी हरकत घेतली नाही.

१४ डिसेंबर

गायरानावर झाडं लावायचा ठराव येतोय असं कळलं. खड्डे पाडून सगळीकडे ग्लिरिसिडिया. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक म्हटलं की ती हिरवी करायची घाई होते. ग्लिरिसिडियाच्या सावलीत गवत खुरटतं. मग गावच्या गाई चरणार कुठं आणि भोवत्या झोपणार कुठं?

रात्री बसून ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. झाडं ओढ्याच्या काठानं आणि बांधावर लावावीत, तीही हिवर, बोर, बाभूळ अशी इथलीच. माळाच्या मधे खड्डा पाडू नये. बाहेरून आलेली वेडी बाभूळ उपटायला रोजगार हमीतून माणसं द्यावीत. फेब्रुवारीच्या आत गायरानाभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, काढावी, कारण उन्हाळ्यात कुणीतरी नव्या गवताच्या आशेनं काडी लावतं आणि टिटवीची, चंडोलाची घरटी जमिनीवरच असतात. पावसाळ्यात निम्म्या गायरानावर दोन महिने चराईबंदी, आणि कापलेलं गवत ज्यांच्याकडं जमीन नाही त्यांना आधी.

मामंजींनी अर्ज दोनदा वाचायला लावला. मग अंगठा नाही, सही करतो म्हणाले, आणि सर्वांत वर स्वतःचं नाव लिहिलं. उद्या वस्तीवर फिरून बाकीच्या सह्या घ्यायच्यात.