निखार आणि दगडफूल, एकाच वहीत

२२ नोव्हेंबर

छोटा निखार हा पक्षी आणि खोडांवर वाढणारं दगडफूल यांच्या नोंदींसाठी एकच तक्ता आखला, तर 'संख्या' या पहिल्याच रकान्यात गाडी अडते. निखार मोजता येतो. थवा शेंड्यांवरून सतत पुढे सरकतो, म्हणून एका जागी १० मिनिटं उभं राहून एका नजरेत दिसलेला सर्वांत मोठा आकडा लिहावा. दर मिनिटाच्या बेरजा केल्या की तोच पक्षी तीनदा वहीत येतो. केशरी छातीचे नर आणि पिवळट माद्या वेगळ्या लिहिल्या, तर घोळ आणखी कमी.

दगडफुलात एकेकटं असं काय मोजणार? शेजारच्या दोन चकत्या वाढत भिडतात आणि सांधा दिसेनासा होतो. शिवाय एक चकती म्हणजे बुरशी अधिक तिच्या आतलं हिरवं शेवाळ. शास्त्रीय नाव मात्र बुरशीचं. त्यापेक्षा १० सेंमीच्या पाच चौकटींची उभी शिडी खोडाच्या चारही बाजूंना, जमिनीपासून १ मीटरवर लावावी आणि २० पैकी किती चौकटींत ती जात आहे तेवढं लिहावं.

ओळखीत पक्षी सोपा. वाण्याकडच्या दगडफुलाच्या पुडीतसुद्धा अनेक जाती मिसळलेल्या असतात! पार्मोट्रेमा टिंक्टोरम या जातीच्या वरच्या बाजूवर भिंगातून बारीक कोंब दिसतात, तर पार्मोट्रेमा पर्लाटमच्या कडांवर पिठूळ भुकटी. खात्रीसाठी वरचा करडा थर ब्लेडने खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर टूथपिकने घरगुती ब्लीचचा थेंब लावावा. टिंक्टोरम लगेच लाल होतं, पर्लाटम होत नाही. लाली क्षणात विरते, नजर हलवू नये. ब्लीच जुनं असेल किंवा खरवड उथळ राहिली, तर टिंक्टोरमही लाल होत नाही. आधी ओळखीच्या तुकड्यावर ब्लीच तपासून घ्यावं.

दगडफुलाची वाढ वर्षाला काही मिलिमीटरच. त्यामुळे पट्टी ठेवून फोटो दरवर्षी त्याच ऋतूत आणि दगडफूल कोरडं असतानाच काढावा. भिजलं की ते फुगतं, हिरवं होतं आणि खोटी वाढ नोंदली जाते.

दोघांची गाठ पडते ती घरट्यात. निखार फांदीच्या बेचक्यात छोटी वाटी बांधतो आणि सालीचे, दगडफुलाचे तुकडे कोळ्याच्या जाळ्याने बाहेरून चिकटवतो. खालून ती फांदीची गाठच वाटते. या तुकड्यांची चाचणी नको, दुर्बिणीतून पाहणं पुरे. जात ओळखायला लागणारी कड त्यांत बहुधा नसतेच, तेव्हा वहीत 'दगडफूल, जात अनिश्चित' लिहावं.