अडीच म्हणजे अर्धे तीन

फोनवर मला वेळ सांगितली होती ‘हाल्ब द्राय’. मी कॅलेंडरमध्ये साडेतीन लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सव्वातीनलाच मुलांच्या दवाखान्यात पोचले. तीन वर्षांची लेक तापाने फणफणलेली, माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलेली. काउंटरवरच्या बाईंनी आधी स्क्रीन बघितली, मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की तुमची वेळ अडीचची होती. बाकीचे पेशंट संपल्यावर डॉक्टरांनी तिला तपासलं, औषध लिहून दिलं, सगळं नीट झालं. पण तोवरचे दोन तास मी बाकावर तिचं डोकं मांडीत घेऊन बसले होते. तोपर्यंत जर्मन न येणं ही माझी एकटीची अडचण होती. त्या दिवशी तिची झळ लेकीला लागली.

आम्ही २०१७ साली नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला आलो. माझ्या ऑफिसात सगळं कामकाज इंग्रजीत चालायचं, दुकानात खुणा करून भागायचं, आणि सरकारी पत्रं सहकाऱ्याकडून वाचून घेता यायची. त्यामुळे पहिलं वर्ष ‘शिकू सावकाश’ म्हणण्यात गेलं. परदेशात जायला निघालेल्या प्रत्येकाला मला हेच सांगावंसं वाटतं, की इंग्रजीवर चालून जातंय हे खरं असतं, आणि तेच सगळ्यात जास्त वेळ खातं. ऑफिसच्या दाराबाहेरचं जग, म्हणजे दवाखाना, बालवाडीतली पालकसभा, जिन्यात भेटणारे शेजारी, हे सगळं जर्मनमध्येच चालू असतं आणि आपण त्याच्या काठावर उभे राहतो.

दवाखान्याच्या प्रसंगानंतर आठवडाभरात मी फोल्क्सहोखशूलच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. या लोकशिक्षणाच्या संस्था इथे गावोगावी आहेत. नव्याने येणाऱ्यांसाठी सरकारी इंटिग्रेशन कोर्सही असतो. त्यात ४५ मिनिटांचे ६०० तास भाषेचे आणि १०० तास इथला इतिहास, कायदा आणि समाज समजून घेण्याचे असतात. नोकरीमुळे मला तो जमण्यासारखा नव्हता, म्हणून आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग, आणि उरलेल्या दिवशी ट्रॅममध्ये वही उघडून घोकंपट्टी.

त्या घोकंपट्टीने माझ्या नाकी नऊ आणले. माझ्या वहीत डावीकडे जर्मन शब्द आणि उजवीकडे इंग्रजी अर्थ असायचा. नामाआधी लागणाऱ्या ‘डेअर’ (पुल्लिंगी), ‘दी’ (स्त्रीलिंगी), ‘दास’ (नपुंसकलिंगी) या तिन्हींसमोर एकच ‘द’. मग कुठल्या नामाला कुठलं लागतं ते लक्षात राहणार कसं? वर्गातला एक स्पॅनिश मुलगा, एक तुर्की बाई आणि मी, तिघंही तिथेच अडकलो होतो. मी मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवायचे, मग त्याचं जर्मन करायचे, आणि तोवर समोरच्याचं बोलणं तीन वाक्यं पुढे गेलेलं असायचं.

मग एका संध्याकाळी फळ्यावर हे वाक्य आलं: ‘वाइल इश गेस्टर्न क्रांक वार.’ बाईंनी सांगितलं की ‘वाइल’ आलं की क्रियापद उचलून वाक्याच्या शेवटी टाकायचं. वर्गात कुरकुर झाली. मी मात्र वहीत इंग्रजीऐवजी सहज मराठी लिहिलं: कारण मी काल आजारी होते. वाइल, कारण. इश, मी. गेस्टर्न, काल. क्रांक, आजारी. वार, होते. पाच शब्द, पाचही जागच्या जागी. काहीही उचलून कुठेही टाकावं लागलं नाही.

त्या रात्री मी नवी वही केली. उजवीकडे मराठी.

मी जर्मन दोनदा शिकले असं मला वाटतं, एकदा इंग्रजीतून आणि एकदा मराठीतून. पहिल्या वेळी भिंतीसारखी वाटलेली भाषा दुसऱ्या वेळी लांबच्या नात्यातल्या माणसासारखी भेटली. (नातं खरोखरचंच आहे. माइन्झला जन्मलेल्या फ्रान्झ बोपने १८१६ साली संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन रूपांशेजारी मांडून दाखवली, आणि तिथून तौलनिक भाषाशास्त्र उभं राहिलं.) आपल्याला तीन लिंगं जन्मापासून येतात: तो, ती, ते. विभक्त्या आपण शाळेत पाठ केलेल्या असतात, आणि इथे तर त्या चारच आहेत. लांबलचक जर्मन शब्दांची लोकांना धास्ती वाटते, पण समास सोडवायची सवय असलेल्या माणसाला ते शेवटून फोडता येतात. हातमोज्याला इथे ‘हाताचा बूट’ म्हणतात, कासवाला ‘ढालवाला भेक’. जर्मनमधला झेड तर आपल्या घरचाच आहे. चमचा, चाक, चूक यांत जो च आहे, तोच. दाताला जर्मन शब्द आहे ‘त्सान’. चाकातला च घेऊन ‘चान’ म्हणा, बरोबर येतो. हे दोन वेगळे च आपण एकाच अक्षराने लिहितो, त्यामुळे आपल्याकडे असं काही आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं.

लिंगं येतात म्हणून ती जुळतात असं नाही, हे मात्र आधीच सांगते. चमचा, काटा, सुरी समोर ठेवा. आपल्याकडे तो, तो, ती. इथे चमचा ‘डेअर’, काटा ‘दी’ आणि सुरी ‘दास’. सूर्य इथे स्त्री आहे. पाणी, मीठ, घर आणि पुस्तक आपल्यासारखीच नपुंसकलिंगी, आणि दूध मात्र स्त्रीलिंगी. इथे कुठलाच नियम पुरा पडत नाही. पण निदान ‘नामाला लिंग कशाला हवं’ या प्रश्नावर आपली शक्ती जात नाही. ‘ती टेबल’ कानाला जसं खटकतं तसं एके दिवशी ‘दी टिश’ खटकायला लागतं, कारण टेबल इथे ‘डेअर टिश’. माझं ते खटकणं सुरू व्हायला दीड वर्ष लागलं, आणि लेकीचं सहा महिन्यांत. ती मला दुरुस्त करायची, मीही तिला करू द्यायचे.

मुलीला जर्मनमध्ये ‘दास मेडशेन’ म्हणतात, म्हणजे ते नपुंसकलिंगी. वर्गात सगळ्यांना हे अन्यायाचं वाटलं. बाईंनी समजावलं की ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगी होतंच. मला माझी मालवणी आजी आठवली. ‘ता चेडू खय गेला?’ असं ती माझ्याबद्दल विचारायची. मालवणीत चेडू नपुंसकलिंगीच असतं, आणि त्यात माया असते. आजीचं ते वाक्य मला किती वर्षांनी ऐकू आलं, आणि तेही स्टुटगार्टच्या एका वर्गात.

आणि ‘हाल्ब द्राय’? शब्दशः ‘अर्धे तीन’, म्हणजे तिसरा तास अर्धा झाला. इंग्रजीत वाढलेल्या माझ्या कानाने त्याचं ‘हाफ पास्ट थ्री’ करून टाकलं होतं. पुढे केव्हातरी ‘अडीच’ची व्युत्पत्ती वाचली. संस्कृत ‘अर्धतृतीय’, ज्यातला तिसरा अर्धा आहे असा, त्यावरून प्राकृत ‘अड्ढाइज्ज’ आणि त्यावरून अडीच. हाल्ब द्राय आणि अडीच हा एकच विचार आहे. ‘दीड’ही तसाच, दुसरा अर्धा. आणि जर्मनमध्ये दीडला आजही ‘आन्डर्टहाल्ब’ म्हणतात, ज्यातल्या ‘आन्डर’चा जुना अर्थ ‘दुसरा’. मी किती वेळ ते पान पुढ्यात घेऊन बसले होते. त्या दिवशी फोनवर मला जे सांगितलं गेलं ते माझ्याच भाषेत होतं, आणि मी ते तिसऱ्याच भाषेतून ऐकलं होतं.

आकड्यांचंही तेच. ‘आइनउन्टत्स्वान्त्सिश’ म्हणजे एक आणि वीस, आपलं एकवीस. इंग्रजीवाले इथे हमखास गडबडतात. पण पंचेचाळीस, अडुसष्ट हे ज्याच्या तोंडी बसलेलं आहे त्याला एकक आधी ऐकायची सवय असते. मुलांना मराठी आकडे शिकवा असं मी घरच्यांना आता कळकळीने सांगते, त्यामागे हेही एक कारण आहे.

एवढं असूनही कठीण होतंच. व्याकरण हा त्यातला सोपा भाग. कठीण होतं ते आपण लहान होऊन जाणं. मराठीत मी वाद घालते, गोष्टी रंगवून सांगते, रडणाऱ्या मैत्रिणीला धीर देते. जर्मनमध्ये पहिली दोन वर्षं मी फक्त ‘हो’, ‘छान’, ‘धन्यवाद’ म्हणणारी शांत बाई होते. जेवणाच्या टेबलावर सहकारी जर्मनमध्ये बोलायला लागले की मी मूग गिळून बसायचे. माझं मत तयार असायचं, शब्दही असायचे, पण ते जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. घरी येऊन मी ते वाक्य पूर्ण करायचे, भांडी घासता घासता, मोठ्याने. असं एकटीने बोललेल्या वाक्यांचाच मला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

बी१ ही जर्मनची मधल्या पातळीची परीक्षा पास झाले तेव्हा जीव भांड्यात पडला. या कागदाला इथे वजन आहे. सध्याच्या नियमानुसार ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, काम करणाऱ्याला ए१ या अगदी पहिल्या पातळीवर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. नागरिकत्वालाही बी१ लागतं. पण प्रमाणपत्र हातात घेऊन घरी आले, जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या, आणि त्या जे बोलल्या त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. त्या श्वेबिश, म्हणजे इकडची बोली, बोलतात. ‘इश’चं ‘इ’, ‘निश्ट’चं (म्हणजे ‘नाही’चं) ‘नेट’, शब्दांच्या शेवटी मायेचं ‘ले’. माझ्या लेकीला त्या ‘मेडले’ म्हणत.

अशा वेळी मला हायडेलबर्गचे गुंथर-डीट्झ सोन्थायमर आठवतात. तिथल्या विद्यापीठात शिकवणारा हा जर्मन माणूस, १९९२ साली गेला. त्यांनी मराठी शिकून घेतली, आणि पुस्तकी मराठीवर न थांबता धनगरांच्या वाड्यांवर बसून त्यांच्या ओव्या ऐकल्या, ध्वनिमुद्रित केल्या, खंडोबाचा अभ्यास केला. पुण्यात शिकलेल्या मला त्या ओव्यांतले किती शब्द कळले असते? त्यांनी धनगराची बोली कानात साठवली असेल, तर मला जिन्यातल्या आजींची का नाही, असं मनात आलं आणि मी त्यांच्याशी रोज बोलायला लागले. निमित्त केअरवोखेचं. आमच्या इमारतीत जिन्याच्या सफाईची आठवड्याची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. आजींचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांच्या पाळीलाही मी झाडू घ्यायचे आणि त्या पायरीवर बसून बोलायच्या.

पहिल्यांदा त्या म्हणाल्या होत्या, ‘व्हीर’ने जिना झाडायला हवा. जर्मनमध्ये ‘व्हीर’ एकच. त्यात आम्हीही आलं आणि आपणही आलं. मला कळेना, ही ‘आम्ही’ म्हणजे इथले जुने रहिवासी, की ‘आपण’ म्हणजे मीसुद्धा. मराठीत हा फरक बोलणारा पहिल्याच शब्दात करून टाकतो. इथे तो माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखावा लागतो, आणि तेव्हा मला तो चेहरा वाचता येत नव्हता.

चौथ्या वर्षी एका दुपारी त्यांनी मला ‘दू’ देऊ केला. इथे ‘झी’ म्हणजे तुम्ही, ‘दू’ म्हणजे तू. आणि तुम्हीवरून तूवर यायचं ते वयाने मोठ्या माणसाने आपणहून सांगितल्यावरच. त्यांनी हात पुढे केला, आपलं नाव सांगितलं, म्हणाल्या आता ‘दू’ म्हण. मी हात हातात घेतला, पण जीभ वळेना. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला नुसत्या नावाने हाक कशी मारायची? आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला नाव नसतंच. काकू असते, मावशी असते, आजी असते. त्यांना मी हे सांगितलं, अडखळत, पण पूर्ण सांगितलं. आणि सांगता सांगताच लक्षात आलं, की आईला आपण तूच म्हणतो, आजीलाही तू. ज्यांना ‘अहो’ म्हणतो ते एक पाऊल लांबचे. हेही त्यांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. ‘दान बिन इ हाल्ट दाइ आजी,’ त्या म्हणाल्या. मग मी तुझी आजीच. ‘आजी’मधला ज त्यांना एका दमात आला.

परवा त्यांचा फोन आला. फोनवर श्वेबिश म्हणजे चेहराही नाही आणि हातवारेही नाहीत. उद्या ‘द्रायफिअर्टल द्राय’ला खाली ये, म्हणाल्या, व्हीर मिळून खिडकीतली जिरेनियमं बदलू. तीनमधला पाऊण झाला, म्हणजे पावणेतीन. मी काहीच मोजलं नाही, आणि ‘आम्ही की आपण’ हेही मनात आलं नाही. लेकीला शाळेतून आणलं, हात धुतले, आणि पावणेतीनला आम्ही दोघी खाली गेलो. दार उघडंच होतं.