एमएस म्हटलं की सगळे पायांकडे बघतात, हातांचं काय?

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार आहे, म्हणून कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "चालता येतं ना नीट?" नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, आणि डॉक्टरांकडे गेलं तरी तपासणीचा बराचसा वेळ चालण्यातच जातो. त्याला कारणही आहे म्हणा. एमएस किती पुढे गेलाय ते मोजायला जगभर ईडीएसएस नावाचा स्कोअर वापरतात, अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये तो मांडला, शून्य ते दहा. चारच्या पुढे गेलं की जवळजवळ सगळा हिशोब किती मीटर चालता, काठी लागते का, व्हीलचेअर लागते का याच्यावरच. हात चालतात की नाही हा प्रश्न ठळकपणे येतो तो थेट आठच्या आसपास, म्हणजे माणूस खुर्चीला किंवा पलंगाला खिळल्यावर! तोपर्यंत ब्लाऊजचे हुक लागत नाहीत, ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपून जातो, पर्समध्ये हात घातला की किल्ली कुठली आणि नाणं कुठलं ते बोटांना कळत नाही, हे सगळं कुठे मोजलं जातं सांगा बरं.

मोजायची सोय आहे, आणि अगदी साधी आहे. नाइन होल पेग टेस्ट. एका पाटीवर नऊ भोकं, नऊ छोट्या खुंट्या, एकेक उचलून बसवायची आणि परत काढायची, किती सेकंद लागले ते बघायचं. आधीपेक्षा २० टक्के जास्त वेळ लागायला लागला की हात खरंच बिघडलाय असं धरतात. लंडनमध्ये बार्ट्स हॉस्पिटलच्या एमएस टीमने, त्यात प्रोफेसर गॅव्हिन जिओव्हानोनी आहेत, थिंकहँड नावाची मोहीमच काढली की व्हीलचेअरवर असलेल्या माणसाचे हात वाचवणं हेही उपचाराचं ध्येय असलं पाहिजे, आणि घरच्या घरी करता यावी म्हणून ही टेस्ट पुठ्ठ्याचीही बनवली. मला हे वाचून इतकं बरं वाटलं होतं, की कुणीतरी हाताबद्दल बोलतंय.

माझा उजवा हात बिघडलाय. चमचा ताटातून उचलताना ठीक असतो, तोंडाजवळ आला की कंप वाढतो, हे एमएसमध्ये बऱ्याच जणांना होतं, मेंदूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब झालं की निरोप पोचायला उशीर होतो किंवा चुकीचा पोचतो. आम्ही राहतो कराडला. हाताचं काम ज्यांना कळतं अशा ऑक्युपेशनल थेरपिस्ट मला मिळाल्या पुण्यात, आणि कराड ते पुणं म्हणजे जाऊन येऊन अख्खा दिवस. एमएसचा थकवा ज्याने भोगलाय त्यालाच कळेल, तिथे पोचेपर्यंत हातात काही उरतच नाही, मग व्यायाम कशाने करायचा? म्हणून व्हिडिओ कॉलवर सुरू केलं.

लोकांना वाटतं कॉलवर काय थेरपी होणार, नुसतं "मुठी उघडा, मुठी मिटा" असणार. तसं अजिबात नाही. सुरुवातीलाच मॅडमनी फोन कुठे ठेवायचा यावर बराच वेळ घालवला, कारण त्यांना नुसता हात नाही, खांदा आणि कोपरपण दिसायला हवं होतं. मग म्हणाल्या, पेल्यात अर्धं पाणी घ्या आणि उचला. मी उचलला. "ताई थांबा, तुम्ही पेला उचलताय की खांदा?" खरंच की, हात वर येत नव्हता म्हणून मी अख्खा खांदा कानापर्यंत नेत होते आणि मला पत्ताच नव्हता. संध्याकाळी मान का दुखते ते तेव्हा कळलं. मग टॉवेलची गुंडाळी कोपराखाली, कोपर अंगाला चिकटवून, पेला रिकामा, फक्त टेबलावरून दोन बोटं वर, हळू. पाणी घालायची परवानगी बऱ्याच नंतर मिळाली.

सामान सगळं घरातलंच. कणकेचा गोळा अंगठा आणि एकेका बोटाच्या चिमटीत दाबायचा. कपडे वाळत घालायचे चिमटे डब्याच्या काठाला लावायचे आणि काढायचे. आधी राजमा निवडायचा, मग हरभरे, मग मूग. तांदळाच्या भांड्यात नाणं, बटण, किल्ली लपवून डोळे मिटून शोधायची, हा बोटांच्या संवेदनेसाठी. माझ्या सासूबाई तांदळात वस्तू लपवायला आता स्वतःहून येऊन बसतात आणि मुद्दाम अवघड जागी लपवतात!

आणि एक फायदा मला दवाखान्यात कधीच मिळाला नसता. मॅडमनी फोन ओट्यावर ठेवायला लावला आणि माझा स्वयंपाक बघितला. चहाचं भांडं पकडीने उचलताना मनगट वाकडं होतंय, मसाल्याचा डबा फार उंचावर आहे, पोळपाट सरकतोय त्याच्याखाली ओलं फडकं घाला. भांडं गरम आहे का ते बोटांनी बघू नका, ज्या हाताला नीट कळतं त्याच्या कोपराने अंदाज घ्या. हे दवाखान्याच्या खोलीत बसून कुणाला सुचणार?

उन्हाळ्यात मात्र वेळ सकाळी लवकरची. शरीर तापलं की एमएसची लक्षणं वाढतात, उठहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये श्रमानंतर नजर तात्पुरती मंदावते असं लिहिलं होतं, त्यांच्याच नावाने हे ओळखतात. एप्रिल-मे मध्ये कराडला दुपारी माझा हात अगदी लोळागोळा होतो, गार पाण्यात मनगटं बुडवली आणि पंख्याखाली बसलं की परत येतो. आणि "अजून एक, अजून एक" करून रेटायचं नाही. बोटं चुकायला लागली की थांबायचं, कारण मग चुकीचीच हालचाल पक्की होते असं मॅडम म्हणतात.

सगळं फोनवर होतं असंही मी म्हणणार नाही. हात किती कडक झालाय ते हातात घेऊनच कळतं, स्प्लिंटचं, म्हणजे हाताला आधार द्यायच्या पट्टीचं, माप समोर बसूनच घ्यावं लागतं, त्यासाठी मी जातेच पुण्याला. कॉक्रेन ही संस्था एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते, त्यांच्या २०१५ च्या रिव्ह्यूने एमएसमधल्या टेलिरिहॅबचे, म्हणजे अशा फोन-व्हिडिओवरच्या थेरपीचे, तोवरचे अभ्यास तपासले तेव्हा पुरावा कमी दर्जाचा निघाला, तेही खरं. कुणी "हात पूर्ववत करून देऊ" म्हणत असेल तर पैसे देऊ नका. पण घरात बसून काहीच न करणं आणि हे, यात मी हेच निवडेन, कायम. आणि ताप नाही, इन्फेक्शन नाही, तरी हातात एखादं नवीन लक्षण आलं आणि २४ तासांच्या वर टिकलं तर व्यायाम बाजूला ठेवून सरळ न्यूरॉलॉजिस्टला फोन करा, ते रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, असू शकतं.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी पहिल्या कॉलच्या आधी घरच्या कुणाकडून तीन छोटे व्हिडिओ काढून पाठवा, जेवतानाचा, बटण लावतानाचा आणि सही करतानाचा, आणि दोन्ही हातांचे, चांगल्या हाताचापण, एमएसमध्ये तो चांगलाच राहील असं धरून चालता येत नाही. सरकारी बाजू म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे सरकारच्या दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करताना हाताचा त्रास डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, नुसतं "चालण्यास त्रास" लिहून देत असतील तर तिथेच सांगा की हातांचंही लिहा.